मार्क कोन लई गया?

आमच्याकडे मार्क मिळत नाहीत, पडतात. जळगावच्या कॉलेजात वर्गातल्या मुलींना पहिल्यांदा ‘मला सत्तर मिळाले’ असं म्हणताना ऐकलं, तेव्हा मला ते फार धीट बोलणं वाटलं होतं. जणू त्यांनी हात पुढे केला आणि कोणी तरी त्यावर मार्क ठेवले. आमच्या घरी निकालाच्या दिवशी एकच प्रश्न असतो, ‘कितला पड्यात?’ मापात धान्य पडावं तसे ते पडतात. माप भरलं की नाही, एवढंच बघायचं.

शिंदखेड्यापासून थोडं आत आमचं गाव. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील चौथीपर्यंत शिकले. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, कारण त्यांची धाकटी भावंडं त्यांना भाऊ म्हणायची आणि आम्ही पोरं तेच ऐकत मोठी झालो. त्यांच्याहून मोठे ते नाना. घरं वेगळी झाली, चुली वेगळ्या झाल्या, पण पोरीला कुठे पाठवायचं, सोयरीक कुठे करायची, हे अजून नानांच्या ओट्यावर ठरतं. बारावीनंतर मी जळगावला जायचं म्हटलं तेव्हा नाना म्हणाले होते, “पास व्हत ऱ्हायनी तं शिकू दे. एक डाव नापास व्हयनी का मंग आवरी ले.” भाऊंनी मान हलवली होती. नानांसमोर ते फार बोलत नाहीत.

त्यानंतर दर सत्राचा निकाल लागला की भाऊ हातपाय धुऊन, टोपी घालून नानांच्या ओट्यावर जात आणि आकडा सांगून येत. आकडा पासष्टच्या आसपास असायचा. ओटा आमच्या घराला लागूनच, तरी जाताना घाईने जात आणि येताना गल्लीला वळसा घालून सावकाश येत. वाटेत कोणी भेटलं तर थांबत. मला वाटतं, त्यांना तो परतीचा रस्ता आवडायचा.

बीएस्सीचं माझं शेवटचं सत्र कोरोनात गेलं. कॉलेज बंद, होस्टेल बंद. आम्ही सगळ्या आपापल्या गावी. दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात परीक्षा तोंडावर आली आणि मला ताप आला. शिंदखेड्याला तपासणी केली, पॉझिटिव्ह निघाली. गावात तोवर एक रीत पडून गेली होती. ज्याला होईल त्याने शेतात राहायचं. घरात वेगळी खोली कोणाकडे असते? पण विहिरीजवळ मोटारीची खोली बहुतेकांकडे असते. त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या शेतांमध्ये संध्याकाळी मधूनच एखादा दिवा दिसायचा. तिथे कोण राहतंय ते सगळ्यांना माहीत असायचं, आणि कोणी तिकडे जायचं नाही.

आमची मोटारीची खोली म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. भिंतीवर स्टार्टरची पेटी, कोपऱ्यात फवारणीचा पंप, रिकाम्या गोण्या. दुपारी आत बसणं शक्यच नव्हतं. मी खाट बाहेर निंबाखाली ओढायची आणि सावली सरकेल तशी खाट सरकवायची. माय सकाळ-संध्याकाळ बांधावर डबा ठेवायची आणि मागे जाऊन उभी राहायची. मी डबा घ्यायला गेले की ती तिथूनच ओरडायची, “ताप शे का आते?”

“कमी शे.”

“भाकर बठ्ठी खाई ले वं माय. मागना डबामा अर्धी ऱ्हाई गई व्हती.”

मी जेवेपर्यंत ती तिथेच पदर तोंडावर धरून उभी. मला चव लागत नव्हती. ठेच्याचं तिखट जिभेला कळायचं, तेवढंच. पण ती बघत असायची, म्हणून मी भाकरी संपवायची.

ती गेली की कोणी नाही. अभ्यास मी मोठ्याने करायची, कारण आवाज लागायचा. वीज आली की मोटार चालू करायची आणि पेटीजवळच्या बोर्डावर मोबाईल लावायची. मोटार चालू असेपर्यंत घरात कोणी तरी काम करतंय असं वाटायचं. वीज गेली की ती धडधड एकदम थांबायची, आणि मग इतकं शांत व्हायचं की मला माझा श्वास ऐकू यायचा. तो तेव्हा ऐकावा असा नव्हता.

परीक्षा त्याच दिवसांत झाली. प्रश्नपत्रिका मोबाईलवर यायची, उत्तरं कागदावर लिहायची, फोटो काढून वेळेत पाठवायचे. खोलीजवळ रेंज नव्हती. खळ्यात कांद्याची रिकामी ट्रॉली उभी होती, तिच्यावर चढलं की दोन रेघा यायच्या. मी पेपर खाटेवर बसून लिहायची आणि शेवटी ट्रॉलीवर चढून पाठवायची. ताप उतरला होता असं मी मायला सांगत होते, पण तो पेपरच्या वेळेला चढायचा. अक्षरं कागदावर स्थिर राहायची नाहीत. भौतिक रसायनाच्या पेपरात एक गणित आलं होतं. तेच गणित मी होस्टेलवर माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला समजावून दिलं होतं. मी त्या गणिताकडे बघत बसले. सगळं ओळखीचं होतं, पण पहिली पायरी कोणती ते आठवेना. मी ती जागा कोरी सोडली.

बरी झाले, घरी आले. निकाल लागेपर्यंत पेरण्या होऊन गेल्या होत्या. मी धाब्यावर चढून मोबाईलमध्ये निकाल उघडला. आमचं घर जुन्या पद्धतीचं, वर मातीचं सपाट धाबं असलेलं. तिथे एका कोपऱ्यात नेट चालतं, नुसता फोन खालीही लागतो. सगळ्या विषयांत पास होते. टक्के बेचाळीस. चाळीसला पास असतं.

मी तो आकडा बराच वेळ बघत होते. रडू वगैरे आलं नाही. फक्त हा दुसऱ्याच कोणाचा तरी निकाल आहे असं वाटत राहिलं.

त्याच संध्याकाळी कॉलेजची सूचना आली. आमचं कॉलेज स्वायत्त असल्याने परीक्षेचे नियम त्यांचे ते करू शकत होते. त्यांनी त्या सत्रापुरती सवलत दिली होती. ज्यांना हवं त्यांनी पडलेले मार्क ठेवावेत. ज्यांना नको त्यांनी तसं कळवावं. मग मार्कशीटवर त्या सत्राच्या सगळ्या विषयांपुढे आकड्याऐवजी फक्त ‘उत्तीर्ण’ असा शब्द येईल, आणि क्लास आधीच्या सत्रांवरून धरला जाईल. ठरवायला एक आठवडा.

आता विचार केला तर ती फार माणुसकीची गोष्ट होती. कोणी तरी कुठल्या तरी मिटिंगमध्ये बसून माझ्यासारख्यांचा, ट्रॉलीवर चढून पेपर पाठवणाऱ्यांचा विचार केला होता. एरवी क्लास शेवटच्या वर्षाच्या मार्कांवरून धरत, त्यामुळे बेचाळीस ठेवले असते तर माझा फर्स्ट क्लास जाणार होता, आणि फर्स्ट क्लासशिवाय त्या कॉलेजात एम.एस्सी.ला विचारत नव्हते. ‘उत्तीर्ण’ घेतलं तर फर्स्ट क्लास राहत होता. ज्याला कोणाला विचारावं तो म्हणाला असता, यात विचार कसला करायचा?

माझी चोपड्याची मैत्रीण तेच म्हणाली. होस्टेलवर माझ्या खोलीत असायची ती हीच. तिच्या घरी केळीच्या बागा, आणि वडील पदवीधर. तिचा फोन आला.

“घेतलंस ना उत्तीर्ण?”

“अजून नाही.”

“का? मुहूर्त बघतेस का?”

“पास तर आहेच ना मी. बेचाळीस आहेत.”

“बाई गं, फर्स्ट क्लास जाईल तुझा. डोक्यात मेंदू आहे की केळीचं खोड?”

“पण मार्कशीटवर आकडाच नसेल.”

“नसू दे! आकड्याचं काय लोणचं घालायचंय तुला?”

मी हसले. तिला काय सांगणार होते? तिच्या घरी मार्कशीट टेबलावर ठेवतात आणि चौघं जण वाचतात. आमच्या घरी मार्कशीट कोणी वाचत नाही. तिच्यातून एक आकडा काढतात, तो भाऊंच्या तोंडून नानांच्या ओट्यावर जातो, आणि तिथून माझं पुढचं सत्र परत येतं. त्या आकड्यावाचून भाऊ ओट्यावर काय घेऊन जाणार होते? आणि या वेळी नाना वाटच बघत होते. शिरपूरकडचं एक स्थळ त्यांच्या मनात होतं. मुलगा चांगला होता, कोणी वाईट बोलत नव्हतं. कोरोनात लग्नं थोडक्यात होत होती, तेही त्यांना सोयीचं वाटत होतं.

त्या रात्री जेवताना भाऊंनी विचारलं, “निकाल लागना म्हने.”

“हो.”

“कितला पड्यात?”

मी त्यांना आधी ती सवलत समजावून सांगायला गेले. घरी मी अहिराणीच बोलते, पण कॉलेजच्या गोष्टी सांगताना माझी भाषा आपोआप बदलते. मला ते कळतं आणि थांबवता येत नाही. मी म्हटलं, कॉलेजने दोन रस्ते दिलेत, एक मार्कांचा आणि एक नुसतं उत्तीर्ण.

“उतरनी?” भाऊंनी घास हातातच धरला. “कोन उतरनी?”

“उतरनी नही भाऊ. उत्तीर्ण. म्हनजे पास.”

“मंग पास म्हन ना.” ते जरा सैल झाले. “घाबरी दिधं मले. बरं, कितला पड्यात?”

“ते मले ठरावनं शे. ठेवाना का नही ते.”

“तुले?” भाऊ मायकडे बघून हसले. “ऐक वं, आते मार्क बी आपुनच ठरावतस.”

मायही हसली. मीही हसले. बेचाळीस हा आकडा तोंडात आला होता, पण त्या हसण्यात तो कुठे ठेवावा ते मला कळेना. मग लाईट गेली, माय कंदील बघायला उठली, आणि ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी माय गिरणीवर दळण घेऊन गेली. तिथे बायकांनी निकालाचं विचारलं. मायने तिला समजलं ते सांगितलं, “पास शे म्हनस, पन मार्क काही पड्यात नही.” त्यावर गिरणीवाल्याची बायको पट्टा फिरत असताना त्याच्यावरून ओरडून म्हणाली, “ढकलपास शे वं मंग ती! या साल बठ्ठासले ढकली दिधं.”

माय घरी आली, पिठाचा डबा ठेवला आणि मला विचारलं, “ढकलपास म्हनजे काय वं?”

हा शब्द मी शाळेपासून ऐकत होते. मागच्या बाकावरच्या मुलांना वरच्या वर्गात ढकलायचे, त्यांना म्हणायचे. पण मायच्या तोंडून तो ऐकला आणि मला एकदम मोटारीची खोली आठवली, तापात मी लिहीत होते ती खाट, आणि गोण्यांचा वास. ढकलायला तिथे कोणी आलं नव्हतं. एक माणूस नव्हता त्या शेतात.

“काही नही,” मी म्हटलं. “त्या उगाच बोलतस.”

मग मला वाटलं, मॅडमनीच भाऊंना सांगितलं तर? आमच्या रसायनाच्या मॅडम मनाने मोकळ्या होत्या. मी त्यांना फोन करायला दोन दिवस घेतले. नंबर काढायची आणि फोन परत ठेवायची. शेवटी केला तर त्या म्हणाल्या, “अगं, दे ना वडिलांना. आत्ताच बोलते.”

भाऊ गोठ्यात होते. ते फोनसाठी उभे राहिले, हात धोतराला पुसले आणि फोन कानापासून थोडा लांब धरला, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. मॅडम सावकाश, छान समजावत होत्या. तुमच्या मुलीचं नुकसान होऊ नये म्हणून ही तरतूद आहे, या गुणांचा तिच्या गुणवत्तेशी संबंध लावू नका, आजारपणामुळे कोणावर अन्याय होता कामा नये, ती हुशार आहे, तिला पुढे शिकवा.

“हो मॅडम,” भाऊ म्हणत होते. “हो मॅडम. हो. बराबर. हो मॅडम.”

बोलणं संपल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

“बाई चांगली शे,” ते म्हणाले. “तुन्हाबद्दल चांगलं बोलनी.”

“काय म्हनी?”

“ते काही समजनं नही.” आणि ते बैलाला वैरण टाकायला लागले.

मॅडमनी एक शब्द चुकीचा वापरला नव्हता. भाऊंनीही ऐकण्यात कसर ठेवली नव्हती. आणि ते दोघं बोलत असताना मी त्यांच्या मधे उभी होते. दोन्हीकडची भाषा मला येत होती, पण मला काही करता आलं नाही. तोवर मी जळगावच्या होस्टेलवर एकटी होते तेव्हा वाटायचं, घरी गेल्यावर हे एकटेपण जाईल. घरी होते तेव्हा वाटायचं, कॉलेज सुरू झाल्यावर जाईल. त्या दिवशी गोठ्यात पहिल्यांदा वाटलं, हे माझ्याबरोबरच येणार आहे, इकडे आले तरी आणि तिकडे गेले तरी.

आठवडा संपत आला. मी उगाचच घरातली कामं करत राहिले. धुणं, भांडी, सरकीची पोती झटकणं. मनात एकच गोष्ट फिरत होती. आकडा ठेवला तर तो नानांना सांगता येईल. लहान असला तरी आकडा आहे, पास आहे, ओट्यावर ठेवता येईल. मग नाना म्हणतील, बरं, झालं शिक्षण, पदवी आली हातात. कारण फर्स्ट क्लास नसेल, एम.एस्सी. नसेल, पुढे मागायला काही उरणार नाही. आणि आकडा काढला तर एम.एस्सी. मिळेल, पण तिथवर जायला नानांच्या ओट्यावरून वाट नसेल. दोन्ही बाजूंनी एक दार उघडत होतं आणि दुसरं लागत होतं. हे मी भाऊंना नीट मांडून सांगायला हवं होतं असं आता वाटतं. पण तेव्हा मला वाटायचं, त्यांना सांगितलं तर ते म्हणतील, ‘पडेल मार्क ठेव.’ आणि त्यांनी तसं म्हटलं असतं तर मला ते मोडता आलं नसतं.

शेवटच्या दिवशी दुपारी मी धाब्यावर गेले. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली होती, माती तापलेली होती, चप्पल घालूनही पाय भाजत होते. खाली माय शेजारच्या काकूशी उन्हाळ्यात राहून गेलेल्या शेवया करण्याबद्दल बोलत होती. मी ‘उत्तीर्ण’वर बोट ठेवलं. मोबाईलने विचारलं, तुमचा निर्णय नक्की आहे का? मला कोणी तरी एकदा तरी हे विचारावं असं फार वाटत होतं. पण मोबाईलने विचारलं. मी ‘हो’ दाबलं आणि खाली येऊन शेवयांच्या गोष्टीत बसले.

मार्कशीट यायला आणखी काही दिवस गेले. शिंदखेड्याच्या सेवा केंद्रातून छापून आणायची होती. भाऊ म्हणाले, मीही येतो. मोटारसायकलवर आम्ही गेलो. केंद्रात गर्दी करू देत नव्हते, म्हणून भाऊ बाहेर उन्हात थांबले. मी कागद घेऊन आले तसा त्यांनी हात पुढे केला. त्यांना अक्षरं अडखळत वाचता येतात, पण आकडे लगेच दिसतात. त्यांचं बोट सरळ मार्कांच्या रकान्यावर गेलं, वरून खाली आलं, परत वर गेलं. रकान्यात सगळीकडे तोच शब्द होता.

“मार्क कथा शेत?”

“नहीत भाऊ. पास लिखेल शे ते.”

“तू पेपर लिखात ना?”

“लिखात.”

“बठ्ठा?”

“बठ्ठा लिखात.”

“मंग मार्क कोन लई गया?”

त्यांनी चिडून नव्हतं विचारलं. खरंच विचारलं होतं, एखादी पिशवी गाडीत राहिली असावी तसं. आणि मला या प्रश्नाचं खरं उत्तर माहीत होतं.

“मीच काढी टाक्यात,” मी म्हटलं. “बेचाळीस व्हतात. कमी व्हतात म्हनीसन मीच काढी टाक्यात. कॉलेजनी सांगेल व्हतं, चालस म्हने.”

भाऊंनी कागदावरून नजर उचलली. मास्कमुळे त्यांचे फक्त डोळे दिसत होते. मग ते हळू आवाजात म्हणाले, “पडेल मार्क कोनी काढी टाकस का?”

 त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. येताना आम्ही रसवंतीवर थांबलो नाही. नेहमी थांबतो. मी मागे बसून त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि मला कळत होतं की त्यांचं गणित सुटलंय. पडलेले मार्क कोणी टाकून देत नाही. म्हणजे ते पडलेच नव्हते. पोरगी तापात होती, एकटी होती, जमलं नसेल. आता काहीतरी सांगतेय. मॅडमही भल्या आहेत, झाकून घेतायत.

मला त्यांना अडवून सांगायचं होतं की भाऊ, तसं नाही. पण माझ्याकडे दाखवायला काय होतं? मीच तर ते काढून टाकले होते.

संध्याकाळी नाना आपल्या ओट्यावर बसले होते. आमचं घर त्यांच्या घराला लागून. त्यांनी तिथूनच हाक मारली. भाऊ हातपाय धुऊन, टोपी घालून गेले. मी दाराच्या आत पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले, कारण मला बाहेर जायचा धीर झाला नाही.

“पोरना निकाल लई उना ना?” नाना म्हणाले.

“हो.”

“गावमा काय काय बोली ऱ्हायनात. ढकलपास म्हनतस. कितला पड्यात?”

 कोणाची तरी बैलगाडी ओट्यासमोरून गेली.

“बासठ,” भाऊ म्हणाले.

“कितला?”

“बासठ पड्यात.”

“कोरोनामा बी बासठ?” नानांच्या आवाजात आश्चर्य होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही. ते वाईट माणूस नाहीत. “मंग ठीक शे. लोकेसनं काय. जाऊ दे तिले जळगावले. शिरपूरवालासले मी सांगी देस.”

भाऊ परत येताना मी बाजूला झाले. ते माझ्याकडे न बघता आत गेले, टोपी खुंटीला लावली आणि मायला म्हणाले, “चहा कर.” आयुष्यात नानांशी ते कधी खोटं बोलल्याचं मला माहीत नाही. बासष्ट हा आकडा त्यांनी कुठून आणला असेल? माझ्या नेहमीच्या पासष्टाच्या जरा खालचा, म्हणजे कोणाला शंका येणार नाही असा. मला वाटतं, मोटारसायकलवर त्यांनी तो ठरवला असेल. आपणच ठरवायचे मार्क.

पुढे सगळं नीट झालं. फर्स्ट क्लास राहिला, यादीत नाव लागलं, कॉलेज उघडलं तेव्हा मला होस्टेलमध्ये जागा मिळाली. चोपड्याची मैत्रीण परत आली नाही. तिचं लग्न त्या पावसाळ्यातच थोडक्या माणसांत झालं. तिचे वडील पदवीधर असूनही. खोलीत दुसरी खाट बरेच महिने रिकामी होती. मी त्यावर पुस्तकं ठेवायची.

जायच्या दिवशी भाऊ मला शिंदखेड्याच्या स्टँडवर सोडायला आले. माझी पेटी त्यांनी गाडीत चढवली, सीटखाली सरकवली, ती हलत तर नाही ना ते बघितलं. कंडक्टर तिकिटं फाडत मागे गेला होता. भाऊ उतरून खिडकीखाली उभे होते. त्यांना काही तरी बोलायचं होतं आणि आजूबाजूला माणसं होती, म्हणून ते गज धरून जरा वर झाले.

“घाबरू नको,” ते म्हणाले. “व्हस आसं कधी कधी. आते नीट लिखजो.”

मी ‘हो’ म्हटलं.

तेव्हा सांगता आलं असतं असं मला नंतर पुष्कळदा वाटलं. आता एम.एस्सी. होऊन मी धुळ्याला शिकवते. गावी जाते तेव्हा गोठ्यात भाऊंच्या शेजारी बसते, आणि एखादे वेळी विषय अगदी जवळ येतो. पण सांगायचं तर त्यांना हेही सांगावं लागेल की त्या दिवशी ओट्यावर त्यांना खोटं बोलायची गरज नव्हती. मी नापास झाले असं समजूनही त्यांनी मला पाठवलं. मी पास होते हे कळलं तर त्यांच्याकडून काय काढून घेतल्यासारखं होईल, ते मला नीट ठरवता येत नाही. तोवर ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत काही तरी विचारतात, पगार वेळेवर येतो का, खानावळीचं जेवण कसं आहे, आणि मी त्याची उत्तरं देते.